शब्दचर्चा : 'शिवकालीन बनावटीची शिवराई' म्हणजे नक्की कसली?

नवं गिऱ्हाईक

मंडळी, एका शब्दावर अडलोय. जुन्या नाण्यांच्या एका ऑनलाइन बाजारात शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) विकायला होती. वर्णन जसंच्या तसं देतो : "शिवकालीन बनावटीची दुर्मिळ शिवराई. आजोबांच्या पेटीतली. जशी आहे तशी. फोटो पाहून खात्री करून घ्यावी."

साडेतीन हजार मोजले. पाकीट उघडलं तर नाण्याच्या कडेवरून बारीक शिवण गेलेली, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या आणि काळा रंग बोटाला लागतोय. विक्रेत्याला कळवलं. त्याचं उत्तर : "साहेब, मी स्पष्ट 'बनावटीची' लिहिलं होतं. बनावट म्हणजे खोटी. तुम्ही नीट वाचलं नाहीत त्याला मी काय करू?"

मी ते 'भारतीय बनावटीची पाणबुडी' म्हणतात तसं वाचलं होतं. भाषेच्या दृष्टीने बरोबर कोण, तो की मी? पैशांचं नंतर बघू. (खरं तर पैशांचंही बघायचंय.)

मोडीवाचक

तुम्ही. आणि हे मनाची समजूत घालायला म्हणत नाही, विभक्तीच तसं सांगते.

'बनावट' मराठीत दोन तऱ्हांनी चालतो. बनावट नोट, बनावट सही, बनावट दाखला : इथे ते विशेषण आहे, अर्थ खोटा, आणि त्याला प्रत्यय लागत नाही. 'बनावटीची नोट सापडली' अशी बातमी कधी वाचलीत का? दुसरा बनावट हे स्त्रीलिंगी नाम, अर्थ घडण. त्याला षष्ठी लागली की 'बनावटीची' होतं : भारतीय बनावटीची, जर्मन बनावटीची. म्हणजे विक्रेत्याने लिहिलं 'शिवकाळात घडवलेली' आणि पकडल्यावर अर्थ सांगितला विशेषणाचा. नामाच्या नावाने विकलं आणि विशेषणाच्या आडोशाला लपला.

एक मात्र आहे. 'बनावटीची'च्या आधी आपण देशाचं किंवा कारखान्याचं नाव घालतो, काळाचं सहसा घालत नाही. काळ सांगायचा तर 'शिवकालीन शिवराई' एवढं पुरेसं होतं. पुढच्या पाच अक्षरांचं ओझं उगाच कोणी वाहत नाही. तिथेच थबकायला हवं होतं.

राजवाड्याजवळ

इंदुरातून लिहितेय. आमच्या घरात दोन्ही भाषा, म्हणून हा शब्द रोज गोंधळ घालतो. हिंदीत 'बनावट' म्हणजे घडण, ठेवण. चेहऱ्याची बनावट, कापडाची बनावट. खोटं म्हणायचं तर हिंदीत 'बनावटी' म्हणतात : बनावटी फूल, बनावटी हसू. मराठीत बरोबर उलटं. आपल्याकडे नुसता 'बनावट' खोटा, आणि 'बनावटीचा' झाला की निर्दोष!

त्यामुळे विक्रेता हिंदीभाषक असेल आणि 'शिवाजी काल की बनावट' मनात धरून मराठीत लिहीत असेल, तर मूळ वर्णनात शब्दाचा खेळ नसेलही. पण मग 'बनावट म्हणजे खोटी' हे त्याला नंतर कुणी शिकवलं? तेवढं मराठी त्याला येतं म्हणजे सगळंच येतं.

कुंपणावरून

'बनवणे'ला विसरू नका. तुम्हाला बनवलं, हा तिसरा अर्थ.

ढब्बू पैसा

'बनावट'वर एवढा काथ्याकूट चाललाय, पण त्या ओळीतली मोठी लबाडी त्याच्या आधीच्या शब्दात आहे. शिवकालीन!

शिवराई हे नाण्याच्या जातीचं नाव आहे, काळाचं नव्हे. महाराजांचा राज्याभिषेक १६७४चा. तांब्याच्या त्या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. महाराज १६८० साली गेले, पण हाच मजकूर असलेली शिवराई पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली जात होती. पेशवाईत ठिकठिकाणच्या टांकसाळींना परवाने दिलेले, तिथले ठसे वेगळे, अक्षरांचं वळण वेगळं, 'शिव'चं 'सिव' झालेलं. दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' तर बरीच नंतरची. आज बाजारात ज्या शिवराया येतात त्यांतल्या बऱ्याचशा खऱ्याच असतात, मात्र पेशवाईतल्या. त्यांवर सन नसतो, आणि हेच विक्रेत्याच्या पथ्यावर पडतं. पेशवाईतली दोनशेची शिवराई 'शिवकालीन' म्हटली की दोन हजाराला जाते. नाणं खरं, वर्णन खोटं. तुमच्या बाबतीत दोन्ही खोटी, एवढाच फरक.

आता तुमच्या नाण्याबद्दल. मराठीत नाणी *पाडतात*. धातूची चकती ठशावर ठेवून वरून घाव घातला की नाणं पडलं. त्यामुळे खऱ्या शिवराईचं अक्षर तुटकं असेल, अर्धं चकतीबाहेर गेलं असेल, पण त्याची कड धारदार असते. तुमचं नाणं *ओतलेलं* आहे. शिवण दिसते ती साच्याचे दोन अर्धे भाग जिथे मिळाले तिथली. अक्षरं लोण्यासारखी, कारण रस साच्याच्या कोपऱ्यांत शिरताना धार धरत नाही. भिंगाखाली बघा, देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे दिसतील. काळा रंग तर वरून फासलेला. तीस वर्षं पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरलोय. तिथले जुने लोक नाणं हातात घेऊन पहिला प्रश्न हाच करायचे : पाडलेलं की ओतीव? 'अस्सल आहे का' असं कुणी विचारत नसे. अस्सल काय, सगळंच असतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या त्या वर्णनात क्रियापद शोधा. 'शिवकालीन', 'दुर्मिळ', 'पेटीतली', 'जशी आहे तशी'. सगळी विशेषणं ओळीने उभी, आणि क्रियापद एकच, तेही तुम्हाला हुकूम सोडणारं : खात्री करून घ्यावी. शिवराई कोणी, कधी, कुठे पाडली याचं वाक्यच नाही. विशेषणाला उलटतपासणी करता येत नाही, वाक्याला करता येते. मी हल्ली वर्णन वाचतच नाही. विक्रेत्याला एवढंच लिहितो : "हे नाणं पाडलेलं आहे की ओतलेलं? वजन किती ग्रॅम? कडेचा फोटो पाठवा." सरळ विक्रेता दहा मिनिटांत कडेचा फोटो पाठवतो. दुसऱ्या जातीचा लिहितो, "सर, घ्यायचं असेल तर घ्या."

जाता जाता आणखी दोन शब्द. 'चकचकीत' : भांड्यांच्या दुकानात स्तुती, आमच्याकडे शिवी. शिवराई चिंचेने घासली की तिचा दोन शतकांचा तपकिरी थर गेला, आणि त्याबरोबर किंमतही. आणि 'कंपनीकालीन'. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि मधे राम-सीता-हनुमान, असं नाणं तुम्हालाही कुणीतरी दाखवलं असेल. कंपनीने ते कधीच पाडलेलं नाही. रामटंका म्हणून देवघरात ठेवायला उत्तम. पण देवाच्या नावावर लोक लाखांत भाव सांगतात आणि समोरचा हात जोडून ऐकतो.

ऱ्हस्वदीर्घ

विक्रेत्याचं शुद्धलेखनही तपासा. 'दुर्मीळ', दुर्मिळ नव्हे. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ.

ढब्बू पैसा

दीर्घ करा, ऱ्हस्व करा, वस्तू दुर्मीळ होत नाही. २०१२च्या वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यालाही हेच विशेषण लावून लाखाचा भाव सांगतात. ते नाणं माझ्या भाजीवाल्याच्या गल्ल्यात सापडलं होतं.

राजवाड्याजवळ

त्या लाखाच्या भावावरून आठवलं. फसवणूक उलट्या दिशेनेही चालते. माझ्या मामेभावाने जुनी नोट विकायला टाकली, तर 'खरेदीदारा'चा फोन : नोट लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे आणि कर भरा, रिझर्व्ह बँकेचं पत्र पाठवतो. पत्रावर बोधचिन्हही होतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय की अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती कुणाकडून कमिशन घेत नाही. मामेभावाला ते वेळेवर सापडलं, नाहीतर 'नोंदणी' हाही शब्द इथे चर्चेला आणावा लागला असता.

मोडीवाचक

'अस्सल'बद्दल थोडं. दफ्तरात काम करणाऱ्याला हा शब्द वेगळाच ऐकू येतो. तिथे कागद 'अस्सल' असतो किंवा 'नक्कल' असते. अस्सल म्हणजे मूळ कागद, नक्कल म्हणजे त्याची उतरवून घेतलेली प्रत. नक्कल करण्यात काही पाप नव्हतं. सातबाऱ्याची नक्कल आजही आपण रांगेत उभं राहून, फी भरून घेतो. नक्कल वाईट ठरते ती स्वतःला अस्सल म्हणवते तेव्हा. नाण्यांसाठी याच प्रामाणिक अर्थाचा शब्द 'प्रतिकृती'. गडाच्या पायथ्याशी पितळी होन 'प्रतिकृती' म्हणून विकणाऱ्याशी माझं काहीच भांडण नाही, एक माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यालाही आहे.

आणि बघा, खऱ्याखोट्याची आपली निम्मी भाषा सराफाच्या पेढीवरूनच आलीय. 'हिणकस' म्हणजे हीण मिसळल्यामुळे कस उतरलेलं. 'बट्टा' म्हणजे झिजल्या किंवा परक्या नाण्यावर कापली जाणारी रक्कम. आता तो माणसाच्या नावाला लागतो. रुपया दगडावर टाकायचा. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर परत. 'वाजवून घेणे' त्यातूनच. ऑनलाइन खरेदीत हा कानच गेला. फोटो वाजत नाही.

काळा कोट

वकिली करतो, नाण्यांतलं कळत नाही. पण 'वर्णन' हा शब्द आमच्याही धंद्यातला आहे, म्हणून लिहितो.

१९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १५ वाचा. वर्णनावरून विक्री झाली असेल तर माल वर्णनाशी जुळला पाहिजे, ही अट न लिहिताही लागू असते. त्याच कलमात पुढे असंही आहे की नमुना आणि वर्णन दोन्हींवरून विक्री झाली असेल, तर नमुन्याशी जुळून भागत नाही, वर्णनाशीही जुळावं लागतं. म्हणून 'फोटो दिला होता' या खुलाशाला मी फार भीक घालणार नाही. 'जशी आहे तशी' हे शब्द लिलावाच्या जाहिरातींत सर्रास असतात. माझ्या मते त्यांची मजल नाण्याच्या अवस्थेपुरती : झीज, ओरखडा, पोचा. नाणं मुळात तेच आहे का, या प्रश्नाला त्याने उत्तर मिळत नाही. आंबा 'जसा आहे तसा' घेतला तर डागाची तक्रार नाही, पण पेटीत आंब्यांऐवजी बटाटे निघाले तर?

विक्रेता हा धंदाच करत असेल तर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. कुणी एखाद्याने घरातलं एकच नाणं विकलं असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता अवघड, मालविक्री कायदा मात्र लागू. आणि वर्णनाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. असली वर्णनं रातोरात बदलतात.

ढब्बू पैसा यांचं क्रियापदाचं म्हणणं कोर्टातही टिकेल. 'शिवकालीन' म्हणजे शिवकाळातल्यासारखी, असं उद्या कोणीही म्हणेल. 'शिवकाळात पाडलेली आहे' असं लेखी आलं की मागे फिरायला जागा राहत नाही.

कुंपणावरून

आजोबांच्या पेटीतली, हे मात्र खरं असू शकतं. नाणं पेटीत टाकायचं, पेटी आजोबांच्या खाटेखाली सरकवायची, मग फोटो काढायचा.

नवं गिऱ्हाईक

सर्वांचे आभार. काय झालं ते सांगतो.

विक्रेत्याला एकच वाक्य लिहिलं : "ही शिवराई शिवकाळात पाडलेली आहे का? हो की नाही?" उत्तर आलं, "सर, मी इतिहासकार नाही." ते आणि जुन्या वर्णनाचा स्क्रीनशॉट जोडून बाजारचालकांकडे तक्रार टाकली, कडेच्या शिवणीचे फोटो लावले, मोडीवाचकांचं षष्ठीचं स्पष्टीकरणही लावलं (ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही). नवव्या दिवशी पैसे परत आले. नाणं मात्र विक्रेत्याकडे परत पाठवावं लागलं, त्यावर मी बराच वेळ हटून बसलो होतो, पण नियम तसाच आहे म्हणाले.

काल रात्री सहज पाहिलं. फोटो नवा, पण शिवराई तीच, कडेला माझ्या अंगठ्याने रंग उडालेली जागासुद्धा तीच. नवं वर्णन : "शिवकालीन धाटणीची अतिदुर्मिळ शिवराई." किंमत चार हजार.

मोडीवाचक

'धाटणी' स्त्रीलिंगी, अर्थ ढब. व्याकरण अगदी बरोबर आहे.