लपलेल्या कॉकटेल बारमधली रात्र: तुमचे अनुभव सांगा

गोडोलीकर

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आम्ही शाळेतल्या चौघी मैत्रिणी पुण्यात जमलो, एकीला चाळीस पूर्ण झाली म्हणून. तिच्या धाकट्या बहिणीनं पत्ता पाठवला होता. तिथं पोचलो तर बेकरी! काचेत पाव, खारी, नानकटाई. काउंटरवरच्या मुलाला बुकिंगचं नाव सांगितलं, तसा तो उठला आणि मागच्या भिंतीतल्या मोठ्या फ्रीजचं दार उघडून उभा राहिला. आत जिना. खाली मंद दिवे, वीसेक माणसं, आणि बर्फ हलल्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता.

मी साताऱ्यात वाढले. लहानपणी बाजारात जाताना परमिट रूमचा हिरवा पडदा दिसला की आई माझा हात घट्ट धरून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला न्यायची. त्या पडद्यामागं बसायची जागा बायकांसाठी नव्हतीच. परवा मी उंच स्टुलावर बसले. समोरच्या मुलानं 60 मिली व्हिस्की मापून घेतली, साखर, बिटर्सचे (मसाल्या-मुळ्यांच्या कडू अर्काचे) दोन-तीन थेंब, एकच मोठा चौकोनी बर्फ, आणि लांब दांड्याच्या चमच्यानं कितीतरी वेळ सावकाश ढवळत राहिला. शेवटी संत्र्याची साल ग्लासावर धरून पिळली. सालीतलं तेल बारीक तुषारांसारखं उडालेलं दिव्याच्या उजेडात दिसलं, आणि घोट घेण्याआधीच वास आला. दोन तास बसलो. कोणी ओळखीचं बघतंय का म्हणून मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. हे मला फार मोठं वाटलं, म्हणून हा धागा.

तुमचे अनुभव लिहा. न पिणाऱ्यांनीसुद्धा.

पेढेघाटे

आमचं घर कंदी पेढ्याचं, त्यामुळं दूध नासलं म्हणजे घरात सुतक. मुंबईच्या अशाच एका बारमध्ये (दार पुस्तकांच्या कपाटाचं होतं) मेन्यूत 'मिल्क पंच' दिसलं म्हणून मागवलं. दुधाळ काहीतरी येईल असं वाटलं होतं. आलं ते पाण्यासारखं नितळ. मी विचारलं, दूध कुठाय? त्या पोरीनं काउंटरखालची बरणी काढून दाखवली. दारू, चहा, साखर आणि लिंबाचा रस एकत्र करून ते दुधात ओतायचं. दूध फाटतं. मग कापडातून गाळायचं, आणि पहिलं गढूळ पाणी पुन्हा त्याच चोथ्यावर ओतायचं. चहाचा तुरटपणा आणि रंग चोथा धरून ठेवतो, खाली निवळी उतरते. जिभेवर मात्र साईसारखा गुळगुळीतपणा राहतो.

ही युक्ती तीनशे वर्षांहून जुनी आहे म्हणे. बेंजामिन फ्रँकलिननं 1763 साली आपली कृती एका पत्रासोबत पाठवली होती. आणि पंच हा शब्द आपल्या 'पाच'वरनं गेला असं मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते पीत नाहीत, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दूध म्हशीचं का गाईचं?" मला त्यांचा फार अभिमान वाटला.

कासपठार

मला दारातूनच परत पाठवलं. वय 24. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं लागतात. नियम बरोबर आहे, तक्रार नाही. पण बुकिंग घेताना पैसे घेतले तेव्हा वय विचारलं नव्हतं, आणि ते पैसे परत मिळाले नाहीत. नाव लिहीत नाही. जाणाऱ्यांनी आधी फोन करून विचारा.

जुन्या स्टँडजवळ

वय 63, कधीच घेतली नाही. लेक न्यूयॉर्कला असते, तिच्याबरोबर 'पीडीटी'त गेले होते. पूर्ण नाव 'प्लीज डोन्ट टेल'. ईस्ट व्हिलेज भागात सेंट मार्क्स प्लेस नावाचा रस्ता आहे, तिथं हॉटडॉगच्या दुकानात लाकडी टेलिफोन बूथ आहे. आत शिरायचं, रिसीव्हर उचलायचा, पलीकडून आवाज येतो आणि बूथची आतली भिंत उघडते. 2007 पासून चालू आहे.

लेकीला वाटलं आई दचकेल. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. हे दुबईला होते तेव्हा साताऱ्यात स्टँडजवळच्या पिवळ्या एसटीडी बूथसमोर मी रात्री रांगेत उभी राहायचे, कारण रात्री दर कमी असत. काचेचं दार लावून घेतलं की आतलं फक्त आपलं. मीटरचे लाल आकडे पळत असायचे आणि सांगायचं असेल ते राहूनच जायचं. परवा रिसीव्हर कानाला लावला आणि हात तसाच घट्ट झाला. आत मला आलं-लिंबाचं बिनदारूचं सरबत दिलं, तेही मापून, हलवून, गाळून. लेकीशी त्या रात्री जेवढं बोलले तेवढं तिच्या लग्नानंतर बोलले नव्हते.

दक्षिण सातारा

सगळ्यांचं वाचलं. माझा अनुभव वेगळा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचं गाव आता सांगली जिल्ह्यात, तेव्हा जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि दारू ओढ्याकाठच्या करंजाच्या झाडीत गेली. काळा गूळ, नवसागर, मातीत पुरलेले डबे. माझे चुलत आजोबा आठवडी बाजाराच्या दिवशी तिथं जायचे. माल कमी पडला की त्यात स्पिरिट मिसळत. एका सकाळी ते उठले आणि आजीला म्हणाले, "अजून उजाडलं नाही का?" ऊन दारात आलं होतं. स्पिरिटमधलं मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) अंगात गेलं की त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्याची नस मारतं, हे मला पुढं शिकताना कळलं. आजोबा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले. उंबऱ्यावर बसून दावी वळायचे. माझा चेहरा त्यांनी फक्त हातानं पाहिला.

अमेरिकेतली दारूबंदी 17 जानेवारी 1920 ला सुरू झाली आणि 5 डिसेंबर 1933 ला उठली. तिथंही कारखान्यांच्या अल्कोहोलमध्ये मुद्दाम विषारी द्रव्यं घालत आणि ते पिऊन माणसं मेली. तेव्हाच्या चोरट्या बारला 'स्पीकइझी' म्हणत, म्हणजे हळू बोला, पोलिसांना ऐकू जाईल. ते दार भीतीपोटी लपवलेलं होतं. मी बंगळूरला अशा एका बारमध्ये गेलो, दार छान होतं, पेय उत्तम होतं, मित्र जिवाचे होते. पण लपण्याचं कौतुक मला सोसवलं नाही, अर्ध्या तासात बाहेर आलो. कुणाचा आनंद कमी करायला हे लिहिलेलं नाही.

गोडोलीकर

@दक्षिण सातारा, लिहिलंत ते फार बरं केलंत. 'अजून उजाडलं नाही का' दोनदा वाचलं, पुढं वाचवेना.

खंबाटकी

एकच सांगतो. पुण्याहून रात्री परत येऊ नका. घाटातली वळणं आपण दिवसाढवळ्या बघतो, तरी तिथं किती गाड्या उलटतात. माझा मित्र "दोनच घेतल्यात" म्हणाला होता. पाय गेला त्याचा. कॉकटेल गोड लागतं म्हणून त्यातली दारू कळत नाही. मुक्काम करा, सकाळच्या एसटीनं या.

मिरजेचा

मी अशाच दाराच्या आतल्या बाजूला काम करतो, मुंबईत, सहा वर्षं झाली. म्हणून जरा लांबण लागेल.

आमच्याकडं गिऱ्हाईक आठला येतं, मी दुपारी दोनला. पहिलं काम बर्फ. @गोडोलीकर, तुमच्या ग्लासातला तो काचेसारखा बर्फ आपोआप होत नाही. पाण्याचा डबा चारी बाजूंनी आणि खालून जाड थर्माकोलनं बंद करायचा, वरनं उघडा ठेवायचा. मग वरून खाली गोठत जातो आणि हवेचे बुडबुडे तळाशी ढकलले जातात. तो पांढरा तळ करवतीनं कापून टाकायचा. मग लिंबं पिळणं, रोजची ताजी, कालचा रस चालत नाही. लिंबूरस असेल तर शेकरमध्ये (झाकणाच्या धातूच्या भांड्यात) बर्फ घालून हलवायचं, नुसती दारू असेल तर ढवळायचं.

माझे वडील सतारीचे कारागीर. भोपळा निवडताना ते बोटानं टकटक करून कान लावतात. मला घरचा धंदा जमला नाही, ह्याचं त्यांना दुःख आहे. पण शेकर हलवताना मी कानच लावतो. आधी बर्फ खडखड वाजतो. मग कडा झिजतात, आवाज भरीव होतो, पत्रा बोटांना चिकटायला लागतो. तिथं थांबायचं. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. हे मी शाळेत शिकलो नाही, आमच्या माडीवर शिकलो.

@दक्षिण सातारा, तुमचं वाचून शिफ्टच्या आधी बराच वेळ बसून राहिलो. 'बीज नीज' म्हणून एक कॉकटेल आहे: जिन, लिंबू, मध. वाईट जिनचा वास मधानं झाकायचा म्हणून निघालं असं आमच्यात सांगतात. मी ते रोज बनवतो. झाकायचं म्हणजे काय, ह्याचा असा विचार केला नव्हता.

आई-वडील मार्चमध्ये येणार आहेत. बाबांना अजून "हॉटेलात आहे" एवढंच माहीत होतं. काल फोनवर सगळं सांगितलं, बर्फाचं, आवाजाचं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, शेकर पितळी आहे का स्टीलचा? स्टीलचा, म्हटलं. "मग आवाज पातळ येत असणार," म्हणाले. येतो खरा.