बेदाणा सुकवण्याच्या यंत्रासाठी सरकारी संशोधन अनुदान : मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. सांगली जिल्ह्यात माझा शेतीयंत्रे बनवण्याचा छोटा, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला कारखाना आहे. आमच्याकडे द्राक्षे डिपिंग ऑइल (साल लवकर सुकावी म्हणून वापरतात ते तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर साधारण दोन आठवडे सुकवतात. त्या काळात अवकाळी पाऊस आला, तर हिरवट-पिवळा बेदाणा दोन दिवसांत काळपट पडतो आणि शेतकऱ्याचा वर्षभराचा घाम मातीमोल होतो. हवेतील दमटपणा ओळखून शेडमध्ये गरम हवा सोडणारे यंत्र मी एका रॅकपुरते तयार केले आहे. पूर्ण शेडसाठी चाचणी घ्यायची, तर स्वतःचे भांडवल पुरत नाही.

नमुना तयार करण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयास योजनेत १० लाखांपर्यंत, तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) मंत्रालयाच्या इनोव्हेटिव्ह योजनेत यजमान संस्थेमार्फत (कल्पनेला आधार देणारी मान्यताप्राप्त संस्था) एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत साहाय्य मिळते, असे वाचले. मागे एका ठिकाणी केलेला अर्ज ‘नावीन्य स्पष्ट होत नाही’ एवढ्याच शेऱ्यानिशी परत आला. दोष माझ्या मांडणीतही असेल, कारण मी यंत्राचे वर्णन भरपूर केले, पण चाचणीचे आकडे दिलेच नव्हते.

माझ्यासारख्या चालू उद्योगाने यांपैकी कोणती वाट धरावी? प्रस्तावातील तांत्रिक जोखीम आणि खर्चाचे टप्पे कसे मांडावेत? अनुदानाच्या अर्जापूर्वी पेटंटचा तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज करणे मला आवश्यक वाटते. मात्र त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो, तेवढ्यात चाचण्या उरकतील का? ज्यांनी असे अनुदान प्रत्यक्ष मिळवले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.