अनुभव धागा : आपल्या मुलखातलं रान मुलांना गोष्टीतून, गाण्यातून कसं भेटलं?

घरातल्या पुस्तकांच्या फडताळात पेंग्विन आहे, झेब्रा आहे, बर्फातलं अस्वल आहे. शेकरू नाही. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी, भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. तरी आमच्या सोसायटीतली मुलं पेंग्विन चटकन ओळखतात आणि शेकरूला नुसती 'मोठी खार' म्हणतात. मला मनापासून वाटतं, की मूल ज्या झाडाला उद्या सकाळी हात लावू शकतं त्याची गोष्ट आधी सांगावी. दूरदेशीच्या गोष्टी नंतर.

आमच्याकडे सुरुवात कारवीपासून झाली. माझ्या आजोळी भिंती कारवीच्या कुडाच्या, वर शेणमातीचा गिलावा. लेक विचारायची, कारवी म्हणजे काय? तिच्यासाठी हे रचलं :

सहा पावसाळे पानंच पानं,
सातव्या पावसात जांभळं रान!
फुलून झालं, झाड वाळलं,
बोंड तेवढं थांबून राहिलं.
पुढचा पाऊस आला टपटप,
बोंडं फुटली फटफट फटफट!

शेवटच्या दोन ओळी यमकासाठी ओढूनताणून आणलेल्या नाहीत. ही कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. वाळलेल्या बोंडांना पुढच्या पावसाचं पाणी लागलं की ती आवाज करत फुटतात, बी लांब उडतं. लेकीला घेऊन मी ते ऐकायला मुद्दाम गेले होते.

तुम्ही काय सांगता? आजीचं, शाळेतलं, स्वतः रचलेलं, सगळं चालेल. गाव किंवा भाग मात्र जरूर लिहा.

डोंबिवली, एक आजी

चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. नातवाला हीच गोष्ट सांगत होते. तर तो खिडकीतून समोरच्या गुलमोहोराकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, काऊचं घर शेणाचं नाहीये, तारांचं आहे." काड्यांमध्ये बांधकामावरच्या तारांचे तुकडे गुंफलेले होते. शहरातले कावळे असं करतात.

मग गोष्ट तिथूनच पुढे नेली. चिऊच्या दारात भिजणारा काऊ शहाणा झाला, त्याने पक्कं घर बांधलं. एक दिवस तो भांडायला बाहेर गेला असताना ठिपक्या-ठिपक्यांची एक पाहुणी आली, गुपचूप अंडं ठेवून गेली. ही पाहुणी म्हणजे कोकिळा. 'कुहू' करतो तो काळा कुळकुळीत नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती गात नाही, 'किक-किक-किक' ओरडते. नातवाने दोघांनाही ओळखायला शिकून घेतलं. पुढे कावळीण एका वेगळ्याच आवाजाच्या पिल्लाला भरवताना दिसली, तेव्हा उरलेली गोष्ट त्यानेच सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगितली.

सातारा

भोंडल्याच्या गाण्यांना कोणी निसर्गाची गाणी म्हणत नाही, पण कारल्याचं गाणं नीट ऐका. सून माहेरी जायचं म्हणते आणि सासू एकेक अट घालते : आधी बी पेर, मग कोंब येऊ दे, वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे. वनस्पतीचं अख्खं आयुष्य ओळीने आलंय. आम्ही जूनमध्ये गच्चीत बी लावतो. नवरात्रात फेर धरताना मुलींना प्रत्येक कडवं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कुठल्या फुलाला कारलं लागणार तेही त्या सांगतात, कारण मादीफुलाच्या मागे बोटभरही नसलेलं इवलं कारलं आधीपासून असतं.

सोलापूर जिल्हा, प्राथमिक शिक्षिका

आमच्याकडे डोंगर नाही, धबधबा नाही, घनदाट जंगल नाही. माळ आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य ह्याच मुलखातलं. आणि पाठ्यपुस्तकाबाहेरच्या ज्या ज्या निसर्गकविता मला मिळाल्या, त्या सगळ्या झाडांच्या. गवताची एकही नाही. मुलांना वाटायचं आपल्या गावाला निसर्गच नाही. हे मला फार लागलं.

वर्गात धनगरांची मुलं आहेत. त्यांच्याकडूनच गवतांची नावं घेतली : पवन्या, मारवेल, कुसळी. कुसळं चड्डीला टोचतात ती का, तर बी दुसरीकडे पोचवायला; ह्यावर मुलांनी इतकी गाणी केली की भिंत भरली. चंडोलाची गोष्ट केली, जो गात गात आभाळात चढतो आणि घरटं मात्र जमिनीवर गवताच्या आडोशाला करतो.

खरी परीक्षा लांडग्याची होती. प्रत्येक गोष्टीत तो दुष्ट. आणि ह्या मुलांच्या घरची मेंढरं तो खरोखर नेतो, त्यामुळे 'लांडगा आपला मित्र' असलं काही सांगणं म्हणजे त्यांच्या बापाच्या नुकसानाचा अपमान. मी गोष्ट लांडगीणीच्या बाजूने सांगितली. तिची ढोल म्हणजे बीळ, आत चार पिल्लं, रात्रभर पायपीट, पोटात आणलेलं मांस पिल्लांपुढे ओकून काढणं. आणि माळ नांगरला गेल्यामुळे ससा, चिंकारा कमी झालेले. एका मुलाने विचारलं, "मग तिनं मेंढरू नेलं तर?" मी म्हटलं, तूच सांग. तास संपला तरी वाद चालू होता. तात्पर्य मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. दुसऱ्या दिवशी एकजण आजोबांना घेऊन आला, आणि त्यांनी राखणीची कुत्री, वाघर (मेंढरांभोवती लावायचं जाळं) आणि लांडगा ह्यांच्यावर जे सांगितलं ते माझ्या गोष्टीहून कितीतरी सरस होतं.

गडचिरोली

आमच्याकडं कोडी जास्त. हे आम्ही पोरांसाठी केलं :

रातीला फुलते, पहाटे गळते,
माणूस वेचते, अस्वलही वेचते.

मोहफूल! मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत टोपल्या घेऊन सगळं घर झाडाखाली. अस्वलालाही मोह फार आवडतो, म्हणून अंधारात एकट्यानं जायचं नाही हेही पोरांना कोड्यातूनच कळते.

न्यू जर्सी

मी वेगळाच मार्ग धरला. इथल्या मुलांना पळस-पांगारा सांगून ते दिसणार कुठे? पण आमच्या मागच्या अंगणात मिल्कवीड आहे, त्यावर मोनार्क फुलपाखराचे पिवळे-काळे-पांढरे पट्टेवाले सुरवंट येतात. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातलं झाड : पान तोडलं की तसाच चीक, म्हातारीसारखं तसंच उडणारं बी. आणि आपल्या रुईवर मोनार्कचंच जवळचं भावंड अंडी घालतं. मग गोष्ट झाली दोन बहिणींची. एक हिवाळा आला की मेक्सिकोकडे निघते, दुसरी सोलापूरच्या बांधावरच राहते. चिकातलं विष दोघींच्या अंगात भिनतं, म्हणून पक्षी दोघींना टाळतात. मुलं सुट्टीत माझ्या माहेरी आली ती थेट मारुतीच्या देवळामागच्या रुईपाशी गेली. सुरवंट होते. पट्टेही जवळजवळ तसेच!

फोंडा, गोवा

रोयण म्हणजे वारूळ. आमच्याकडे सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात. पावसात वारुळावर अळमी, म्हणजे अळंबी, उगवतात. वाळवी आत बुरशीची शेती करते, अळमी हे त्या शेतीचंच पीक. मुलांना सांगते, घर वाळवीचं, शेत वाळवीचं, आपण पाहुणे. पाहुण्यांनी अख्खं शेत कापून न्यायचं नाही.

धागाकर्ती

सोलापूरच्या बाई, त्या आजोबांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत इथे लिहाल का? कुसळांची दोन-चार गाणीही हवी आहेत. आणि खानदेश, मराठवाड्यातून अजून कोणीच आलेलं नाही. मृगाच्या लाल मखमली किड्यांवर तिकडे पोरं काही म्हणतात का? आमच्याकडे तो किडा तळहातावर घेतात, पण त्याचं गाणं माझ्या ऐकण्यात नाही.