‘पापे पदरी घेणे’ म्हणजे नेमके काय?

वाटसरू: ‘कशाला उगाच पाप पदरी घेता?’ असे आपण म्हणतो, म्हणजे ‘पाप करू नका’. मराठी बायबलात मात्र योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) आपण आपली पापे पदरी घेतली तर देव क्षमा करतो, असे आहे. पाप पदरी घेतल्यावर क्षमा कशी?

जुनीवही: ‘आपली’ हा शब्द सोडू नका. पाप आधीच घडलेले आहे. इथे पदरी घेणे म्हणजे ‘हे माझे’ म्हणणे. दुसऱ्याने पुराव्यानिशी गप्प केले की ‘चूक पदरात घातली’ म्हणतात. इथे घालणारा आणि घेणारा एकच. मूळ ग्रीक क्रियापद होमोलोगेओ, शब्दशः ‘तेच म्हणणे’. देव माझ्या कृत्याला जे म्हणतो तेच मीही म्हणतो, असा त्याचा अर्थ लावतात. हेच क्रियापद पौलाच्या रोमकरांस पत्रात (१०:९) येशूला प्रभू म्हणून कबूल करण्यासाठी आले आहे.

वाटसरू: मग सरळ ‘कबूल करणे’ का नको?

जुनीवही: अलीकडच्या सोप्या भाषांतरांत तेच आहे, चूक नाही. पण ‘कबूल’ला कोर्टकचेरीचा वास येतो. पुराव्यापुढे नाइलाजाने दिलेला जबाबही कबुलीच! जक्कयाला (लूक १९) कोणी जाब विचारला नव्हता. तरी तो जकातदार आपण होऊन उठला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाला फसवून घेतले असेल तर चौपट परत करतो. पदरी घेतलेले असे फेडावे लागते.

मळ्यातला: गोव्यात कोंकणीत याला कुमसार म्हणतात, पोर्तुगीजातून आलेला शब्द. कॅथलिक परंपरेत अनुताप, निवेदन आणि भरपाई हे तिन्ही लागतात.

जुनीवही: बरोबर. आणि ‘प्रामाणिकपणा’ म्हटले की आपल्याला पैशांचा हिशेबच आठवतो, म्हणून हनन्या आणि सप्पिरा हे नवरा-बायको (प्रेषितांची कृत्ये ५) पाहा. जमीन विकून आलेल्या पैशांपैकी काही ठेवून घेतले, हा त्यांचा गुन्हा नव्हता. पैसे तुझ्याच हाती होते असे येशूचा शिष्य पेत्र स्वतः हनन्याला म्हणतो. गुन्हा हा, की थोडे देऊन सगळे दिल्याचा आव आणला.

पंडिता रमाबाईंचेही उदाहरण घ्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनीच लिहून ठेवले, की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तोवर त्या जगभर ख्रिस्ती म्हणून नावाजलेल्या होत्या, गप्प बसल्या असत्या तरी कुणी काही विचारले नसते. मला तर त्यांच्या बाप्तिस्म्याहून हे वाक्य मोठे वाटते.

मळ्यातला: आणि रोमकरांस १२:२ मधले ‘रूपांतर’?

जुनीवही: तिथे ‘रूपांतर करा’ नाही, ‘होऊ द्या’ आहे. ग्रीकमध्येही क्रियापद कर्मणी. डोंगरावर येशूचे रूप पालटले (मत्तय १७:२), तिथेही हेच क्रियापद. माणसाने पदर पसरायचा, पालटणारा दुसरा.

वाटसरू: सगळ्यांनी एका सुरात ‘आम्ही पापी’ म्हटले, तर ते पदरी घेणे होते का?

जुनीवही: योहानाच्या त्याच पत्रात, पहिल्या अध्यायाच्या आठव्या वचनात ‘पाप’ एकवचनी आहे, नवव्यात ‘पापे’. ‘मी पापी’ म्हणणे सोपे. ‘परवा भावाशी खोटे बोललो’ म्हणायला जड जाते. अनेकवचन त्यासाठीच असावे.