दिवस राहू नयेत म्हणून तांबी (कॉपर टी), छाया की अंतरा? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, मी ३२ वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते. मुलगी ५ वर्षांची आहे. दुसरं हवं की नको हे आम्हा दोघांचं अजून ठरत नाही, म्हणून ऑपरेशन नको. आजवर निरोधवरच भागवलं. मागच्या महिन्यात पाळी ९ दिवस लांबली नं, तर दोघांचीही झोप उडाली!

तांबी सरकारी दवाखान्यात फुकट बसते, १० वर्षं चालते. पण माझं अंगावरून आधीच जास्त जातं, हिमोग्लोबिन ९.८. तांबीने ते आणखी वाढू शकतं. अंतरा इंजेक्शन ३ महिन्यांतून एकदा, सोपं. पण बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. छाया गोळीत हार्मोन नाही. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पण मी गॅसवरचं दूध विसरणारी बाई!

तांबीसारखीच हार्मोनची टी असते, तिने पाळी कमी होते म्हणे. खासगीतच बसवावी लागेल, महागही आहे. कोणी बसवली आहे का? सुरुवातीला मधेमधे डाग किती दिवस गेले? आणि इथल्या सरकारी डागा हॉस्पिटलला या सल्ल्यासाठी सकाळी किती वाजता जावं? नवराही सोबत येतो म्हणतो, त्याला आत घेतात का?