ज्यू, यहुदी, इस्राएल, झायोनवादी : चार शब्दांची सरमिसळ

प्रश्न : वृत्तपत्रांत एकाच बातमीत 'ज्यू', 'यहुदी', 'इस्रायली' आणि 'झायोनवादी' हे शब्द आलटूनपालटून येतात. ते समानार्थी मानावेत काय? तसेच 'झायोनिझम'साठी 'ज्यू राष्ट्रवाद' हा प्रतिशब्द का रूढ करू नये?

उत्तर : पहिले दोन शब्द एकाच मूळ हिब्रू शब्दाची, दोन वाटांनी मराठीत पोहोचलेली रूपे आहेत. बायबलातील याकोबाच्या यहुदा या मुलाचे नाव आधी त्याच्या वंशाला व मग जेरुसलेमभोवतालच्या राज्याला मिळाले, आणि तिथला रहिवासी तो 'येहुदी'. अरबी-फारसीच्या वाटेने आला तो 'यहुदी'. ग्रीक, लॅटिन आणि जुनी फ्रेंच असा प्रवास करता करता झिजून इंग्रजीत जे एवढेसे उरले, तो आपला 'ज्यू'. (मराठी बायबलात 'यहूदी' असा दीर्घ ऊकार आढळतो, आजच्या लेखननियमांप्रमाणे 'यहुदी' लिहावे.)

'इस्रायली' हा शब्द मात्र नागरिकत्व सांगतो. इस्रायलच्या नागरिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा अरब आहे आणि जगातील निम्म्याहून अधिक ज्यू इस्रायलबाहेर राहतात. त्यामुळे 'इस्रायली' आणि 'ज्यू' यांची अदलाबदल केली, तर दोन्ही बाजूंनी चूक होते. 'झायोनवादी' हे तर एका राजकीय मताचे नाव आहे : ज्यूंनी झायोन, म्हणजे जेरुसलेमच्या आपल्या प्राचीन भूमीत राष्ट्र म्हणून उभे राहावे. ते मत मान्य नसलेले ज्यू आहेत, आणि ते मान्य असलेले ख्रिस्ती अमेरिकेत मोठ्या संख्येने आहेत.

कोकणात या गुंत्याला आणखी एक पदर आहे. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाला शेजारी 'शनवार तेली' म्हणत, कारण तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत. पुढे 'इस्राएल' हेच समाजाचे नाव रूढ झाले आणि त्या नावाची आळी अलिबागेत आहेच. माझ्या आजोळी १९६७ साली रेडिओवर 'इस्राएलचा इजिप्तवर हल्ला' अशी बातमी लागली, तेव्हा तांदूळ निवडणाऱ्या आजीने मान वर करून विचारले होते, "आळीतल्या कुणी काय केलं?" तिच्या मराठीत इस्राएल हा देश नव्हताच; शनिवारी चूल न पेटवणारा शेजारी होता. प्रार्थनामंदिरालाही लोक मशीदच म्हणत. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलेले सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाई आणि मस्जिद बंदर स्थानकाच्या नावाचा संबंध त्याच वास्तूशी जोडला जातो.

प्रतिसाद : हे सर्व मान्य, पण झायोनवाद म्हणजे ज्यूंनी आपल्या प्राचीन भूमीत राष्ट्र म्हणून उभे राहावे हाच विचार असेल, तर 'ज्यू राष्ट्रवाद' म्हणण्यात वावगे काय? उलट परका शब्द टळेल.

उत्तर : अडचण अशी की, ज्यू हे राष्ट्र आहे की धर्मसमुदाय, हाच मुळात ज्यूंमधला वाद आहे. 'ज्यू राष्ट्रवाद' म्हणताच आपण त्याचा निकाल शब्दातूनच देऊन टाकतो. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) १८८५ साली पिट्सबर्ग येथे जाहीर केले होते की, आम्ही आता राष्ट्र नसून धर्मसमुदाय आहोत. झायोनवादी चळवळ उभी करणारे थिओडोर हर्झल यांना पहिली झायोनवादी परिषद म्युनिकमध्ये भरवायची होती. तिथल्याच ज्यू समाजाने विरोध केल्यामुळे ती ऑगस्ट १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेलला न्यावी लागली. त्याच वर्षी व्हिल्ना (आजचे व्हिल्नियस, लिथुआनिया) येथे स्थापन झालेल्या 'बुंद' या कामगार संघटनेने ज्यूंना एक जनसमूह मानले, पण त्यांचा लढा ते जिथे राहतात तिथेच, पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिडिश भाषेतच व्हावा असा आग्रह धरला. म्हणजे जनसमूह मान्य, झायोन अमान्य. याउलट अनेक कर्मठ रब्बींच्या मते प्राचीन भूमीत परतीचा दिवस मसीहा, म्हणजे देव पाठवील तो तारणहार, ठरवील, माणसांनी त्यात घाई करू नये. बासेलच्या परिषदेचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएल मंडळींनी नाकारले, तेही याच श्रद्धेपोटी.

आपल्या शालेय इतिहासातले, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे माँटेग्यू हे १९१७ साली ब्रिटिश मंत्रिमंडळातील एकमेव ज्यू होते, आणि पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या बाल्फोर जाहीरनाम्याला मंत्रिमंडळातून सर्वांत कडवा विरोध त्यांनीच केला. पॅलेस्टाईन हे ज्यूंचे राष्ट्रीय घर ठरले, तर इतर देशांतील ज्यू आपापल्या देशात परके ठरतील, अशी त्यांची भीती होती. सर्वांवर कडी म्हणजे हा शब्द घडवणारे नाथान बिर्नबाउम. १८९० साली त्यांनी 'झायोनिझम' हा शब्द वापरात आणला. नंतर ते यिडिशचे पुरस्कर्ते झाले आणि अखेरीस झायोनवादाला विरोध करणाऱ्या कर्मठांच्या 'अगुदात इस्राएल' या संघटनेचे चिटणीस झाले.

प्रतिसाद : आपण विरोधकांचीच यादी दिलीत. दुसरी बाजूही नोंदवावी. नाझींच्या हत्याकांडानंतर या वादाचा तोल पार बदलला; सुधारणावाद्यांनी तर १९३७ सालीच आपली भूमिका पालटली होती. आज असंख्य ज्यूंना इस्रायलशी असलेले नाते हा आपल्या ओळखीचाच भाग वाटतो आणि 'ज्यू वेगळे, झायोनवादी वेगळे' ही फोड त्यांना बाहेरून लादलेली वाटते. शिवाय 'झायोनवादी' हा शब्द मुखवटा म्हणूनही वापरला गेला आहे. १९६८ साली पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने 'झायोनवाद्यां'विरुद्ध मोहीम काढली आणि सुमारे तेरा हजार ज्यूंना देश सोडावा लागला. त्यांचे मत कोणीही विचारले नव्हते.

उत्तर : ही पुरवणी योग्य आहे, आणि माझ्या यादीत ती हवी होती. म्हणूनच 'झायोनवादी' हा शब्द ज्याने ते मत स्वतः मांडले आहे त्याच्यापुरताच वापरावा, असे मला वाटते.

प्रश्न : मग 'ज्यू' या शब्दाची तरी व्याख्या नक्की आहे काय?

उत्तर : तीही नाही. मराठी वाचकाला हे 'पारशी' या शब्दावरून चटकन कळेल : धर्म जरथुष्ट्री, जमात पारशी, आणि बापाकडून की आईकडून, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात १९०८ साली झालेला. परंपरेप्रमाणे ज्यू आईचे मूल ते ज्यू. अमेरिकेतील सुधारणावाद्यांनी १९८३ मध्ये काही अटींवर वडिलांकडील वारसाही मान्य केला. कोणत्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन वसण्याचा हक्क देणाऱ्या तिथल्या १९५० च्या परतीच्या कायद्यात आधी व्याख्याच नव्हती. ओस्वाल्ड रुफायसेन हे पोलंडमधील जन्माने ज्यू. युद्धकाळात त्यांनी मीर गावच्या ज्यूंना पळून जायला मदत केली आणि पुढे ते कॅथलिक संन्यासी झाले. ज्यू म्हणून त्यांनी या कायद्याखाली प्रवेश मागितला. धर्मशास्त्राप्रमाणे ते ज्यूच होते. पण १९६२ साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने सामान्य माणूस बोलताना 'ज्यू' कोणाला म्हणतो हे पाहिले आणि अर्ज फेटाळला. खटल्याचा निकाल शब्दाच्या रूढ वापरावर लागल्याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही. १९७० साली कायद्यात व्याख्या आली.

त्याच काळात आपल्या बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत तिथल्या मुख्य धर्मपीठाने पूर्वजांची चौकशी करण्याचे फर्मान काढले होते. ज्यांच्या नावातच 'इस्राएल', त्यांनाच इस्रायलमध्ये ज्यूपण सिद्ध करावे लागत होते. मोठे आंदोलन होऊन १९६४ साली ते मागे घेतले गेले.

प्रश्न : शेवटचे, लेखनाचे. सियोन, झायन की झायोन?

उत्तर : जेरुसलेमच्या टेकडीसाठी मराठी बायबलातील 'सियोन' उत्तम. विचारसरणीसाठी मात्र 'झायोनवाद' रूढ झाला आहे, तो राहू द्यावा. 'सायन' तेवढे टाळावे. वाचक शीवला उतरेल.