कडबा कुट्टीत बोट तुटलं, तर तालुक्याहून कुठे न्यायचं?

प्रश्न (शिवार): ग्रामीण रुग्णालयात बोट जोडणारा सर्जन नसतो, शहर चार तासांवर. तेवढ्या वेळात बोट टिकतं का? बर्फात ठेवायचं ना?

उत्तर (वैद्यसखा): थेट बर्फावर अजिबात नको. पेशी गोठून मरतात, मग जोडायला काही उरत नाही. बोट सलाइनने हलकं धुवा, ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत. असं थंड ठेवलेलं बोट साधारण 12 ते 24 तास टिकतं. मनगटावरून तुटलेला हात मात्र नाही! त्यात स्नायू असतात, म्हणून 6 तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू व्हायला हवा.

उत्तर (टाका): जखमेवर गॉज दाबून हात उंच धरा. हळद, चहापूड काहीही लावू नका. तालुक्यातच धनुर्वाताचं इंजेक्शन आणि एक्स-रे करून घ्या, हाताचा आणि तुटलेल्या तुकड्याचाही. खायला-प्यायला देऊ नका, नाहीतर भूल द्यायला उशीर होतो.

वैद्यसखा: निघण्याआधी फोन करा. फक्त 'सर्जन आहेत का' विचारून भागत नाही. मायक्रोसर्जरी करणारे प्लास्टिक सर्जन आणि मायक्रोस्कोप आत्ता उपलब्ध आहेत का, हे विचारा. बोटाची रक्तवाहिनी जेमतेम 1 मिलिमीटरची असते, साध्या शस्त्रक्रियागृहात ती शिवता येत नाही. खरा वेळ प्रवासात कमी, एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवण्यात जास्त जातो.

शिवार: चेंगरलेलं असेल तर?

टाका: शक्यता कमी, तरी तुकडा न्याच. अंगठा किंवा लहान मुलाचं बोट असेल तर सर्जन शक्यतो प्रयत्न करतातच.